भिंतीपलीकडचं वायफाय

त्या बुधवारी मला एका कथासंग्रहाची एकशे ऐंशी पानं गिरगावातल्या छापखान्याला पाठवायची होती. फाइल जोडली, पाठवायचं बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या करायला घेतल्या. सहा पोळ्या झाल्या, भाजी झाली, ओटा पुसून झाला तरी फाइल अर्ध्यावरच होती. मग वीज गेली. लॅपटॉप चालू राहिला, पण माझा धीर सुटला. मी तो काखेत मारला नाही, नुसती पेन ड्राइव्हवर फाइल घेतली आणि शेजारच्या दारावर टकटक केली. दादाच्या लॅपटॉपवरून तीच फाइल चार मिनिटांत गेली.

शेजारचं दार म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. वसई पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर, वडिलांनी लागून दोन फ्लॅट घेतले होते. एकात दादा आणि वहिनी, दुसऱ्यात आई आणि मी. वडील आधीच गेले होते, आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि मधल्या काळात मी राहत होते तो फ्लॅट दादाच्या आणि माझ्या अशा दोघांच्या नावावर झाला होता. मी चव्वेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, घरबसल्या पुस्तकांची अक्षरजुळणी करणारी बाई. लेखकांची हस्तलिखितं टाइप करायची, पानं लावायची, मुद्रितं तपासून घ्यायची, शेवटी फाइल छापखान्याला द्यायची. आधी मी सीडी घेऊन मुंबईला जायचे. इंटरनेट आल्यापासून ते जाणं सुटलं होतं.

तेव्हा वसईत रोज भारनियमन असायचं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करताना वीज गेली की तासाभराची मेहनत पाण्यात जायची. म्हणून दादानं निवृत्त होताना दोन लॅपटॉप आणले, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी, अगदी जुळे. एक त्याला, एक मला. इंटरनेटचं कनेक्शन त्याच्या नावावर होतं. वायफायचा डबा त्याच्या हॉलमध्ये, इन्व्हर्टरवर, त्यामुळे वीज गेली तरी तो चालू राहायचा आणि भिंतीतून मला मिळायचा. वर्षभर काही तक्रार नव्हती.

आता जुळ्या लॅपटॉपांपैकी एक धावत होता आणि एक रांगत होता. आणि धावणारा दादाचा होता.

ही नुसती यंत्राची कुरकुर आहे असं मला वाटलं असतं, पण दोन आठवड्यांपूर्वी चहा पिताना दादा मला म्हणाला होता, "तू एकटी त्या एवढ्या फ्लॅटमध्ये काय करणार? इकडेच ये राहायला. पोरीची खोली रिकामीच आहे. तो फ्लॅट मोकळा करून टाकू."

"मोकळा करून काय करायचं?" मी विचारलं.

"ते बघू पुढे," तो म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं.

त्याच आठवड्यात माझं इंटरनेट मंदावलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात पूर्वी सिग्नलच्या चार-पाच कांड्या दिसायच्या, आता दोन, कधी एक. आणि त्याच आठवड्यात दादानं तो डबा आमच्या मधल्या भिंतीवरच्या फळीवरून उचलून पलीकडे खिडकीशेजारी नेला होता. मी विचारलं तर म्हणाला, इन्व्हर्टरची वायर तिथपर्यंत नीट पोचते.

मी वही घेतली. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकच फाइल मी मलाच ईमेल करायचे आणि किती मिनिटं लागली ते लिहायचे. दादा काय करतोय तेही लिहायचे. आमच्या दोन्ही बाल्कन्या एकमेकींना लागून होत्या. कपडे वाळत घालायला गेलं की तो टेबलाशी बसून बुद्धिबळ खेळताना दिसायचा. कुठल्या कुठल्या देशातल्या अनोळखी माणसांशी खेळायचा. तो खेळत असताना चाळीस मिनिटं. तो झोपलेला असताना बेचाळीस. यातून खरं तर काहीतरी कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की तो झोपतानाही माझा वेग बांधून ठेवतो.

एकदा सरळ विचारून पाहिलं. "दादा, डब्यात काही सेटिंग बदललंस का?"

"मी कशाला बदलू?"

"आतलं सेटिंग बघायचा पासवर्ड वेगळा असतो. तो दे, मी बघते."

"तुला कशाला हवा? काहीतरी बिघडवून ठेवशील. चाललंय ते चालू दे."

"माझं चालत नाहीये."

"माझं तर चालतंय," तो म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. लहानपणी आमच्या घरात रेडिओची कळ फक्त तोच फिरवायचा, इतरांनी हात लावला की स्टेशन हरवतं म्हणायचा. माणूस कसा आहे हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवसांत मी त्याचा जुना स्वभाव आणि माझी नवी शंका यांची सरमिसळ करत होते. त्याचं प्रत्येक साधं वाक्य मी घरी आणून पुन्हा पुन्हा तपासायचे, मुद्रित तपासावं तसं.

एकदा फाइल जाईना म्हणून ती हातानं देऊन मी मुंबईहून परत आले तर माझ्या हॉलमधल्या खुर्च्या थोड्या सरकलेल्या वाटल्या. दादाकडे माझ्या घराची किल्ली असायची, माझ्याकडे त्याच्या. मी वहिनीला विचारलं, "कोणी आलं होतं का घरी?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नाही माहीत." वहिनी खोटं बोलायला लागली की मान वर करत नाही, हे मला तीस वर्षांच्या सहवासानं माहीत होतं. पण खोटं कशाबद्दल, ते कळेना.

पुढच्या शनिवारी सकाळी दादा आणि वहिनी रिक्षानं निर्मळला देवळात गेले. जाताना वहिनी सांगून गेली, "भांडी घासायला बाई येईल, तिला दार उघडून दे." बाई आली, भांडी घासून गेली. मी मात्र दाराला कुलूप लावलं नाही. माझा लॅपटॉप घेऊन आले आणि दादाच्या टेबलाशी बसले. त्याचा लॅपटॉप तिथे चालूच होता.

डब्याबरोबर आलेलं छोटं पुस्तक टेबलाच्या खणात होतं. आत शिरण्याचा पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर छापलेला होता. दादानं तो बदललाच नव्हता. म्हणजे जे गुपित तो मला देत नव्हता ते सगळा वेळ त्या डब्याच्या पोटाखाली होतं. पुस्तकात लिहिलं होतं की सेटिंग बदलताना लॅपटॉप वायरनं जोडावा. मी वायर जोडली. आणि माझा लॅपटॉप धावायला लागला. तीच फाइल चार मिनिटांत गेली.

मी तिथे बसल्या बसल्या निष्कर्ष काढला. वायरनं धावतो, म्हणजे लॅपटॉप चांगला. वायरशिवाय रांगतो, म्हणजे डब्यातून मला कमी दिलं जातंय.

मग मी डब्याच्या आतली यादी उघडली. सध्या कोण कोण जोडलेलं आहे ते तिथे दिसतं. माझ्या हिशेबानं दोन नावं हवी होती, दादाच्या लॅपटॉपचं आणि माझ्या लॅपटॉपचं. तिथे तीन होती. तिसऱ्या ओळीत नाव नव्हतं, नुसती आकडे आणि अक्षरांची माळ होती.

तिसरा लॅपटॉप कोणाचा? दादानं कोणाला तरी माझा वाटा दिलाय. खालच्या मजल्यावरच्या त्याच्या मित्राला? की माझ्या घरात पुढे जे कोणी राहायला येणार होतं, त्याच्याशी आताच काही ठरलंय? आज हे लिहिताना मला माझीच कीव येते, पण त्या वेळी ती शंका मला पुराव्यासारखी वाटली. कमी देण्याचं सेटिंग मी शोधलं, ते काही सापडलं नाही. मग मी वायफायचा पासवर्ड बदलून टाकला. नवा शब्द माझ्या लॅपटॉपमध्ये घातला, पुस्तक खणात ठेवलं, वायर होती तशी गुंडाळली, दाराला कुलूप लावलं. आता तो जो कोणी तिसरा आहे तो बाहेर पडेल, आणि तक्रार घेऊन दादाकडे आला की मला कळेलच, असा माझा बेत होता. दादाचा लॅपटॉपही बाहेर पडेल हे मला माहीत होतं. पडू दे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दर रविवारी अकरा वाजता भाची, म्हणजे दादाची मुलगी, ऑस्ट्रेलियातून व्हिडिओवर बोलायची. तिला सातवा महिना होता. वहिनीनं तिला दाखवून मग टपालानं पाठवण्यासाठी बाळाची दुपटी शिवली होती, जुन्या मऊ साड्यांची. हे मला माहीत होतं. एक दुपटं तर माझ्याच आईच्या साडीचं होतं आणि साडी मीच काढून दिली होती. पण शनिवारी टेबलाशी बसले तेव्हा रविवार माझ्या मनात एकदाही आला नाही.

अकराला दहा मिनिटं असताना दादानं बाल्कनीतून हाक मारली. "जरा येतेस का? हा पासवर्ड चुकीचा आहे म्हणतोय."

मी गेले. वहिनी इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली होती. मांडीवर दुपट्यांची चळत. दादा एकेक अक्षर बोटानं शोधत तोच जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा घालत होता.

"तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. बघ ना," तो म्हणाला.

मी त्याच्या बाजूला बसले. नवा शब्द मला पाठ होता. तो टाइप करायला मला दोन सेकंद लागले असते. पण टाइप केला असता तर मला तो कसा माहीत, हे सांगावं लागलं असतं. मी उगाच दोन-चार ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाले, "कंपनीकडचाच काही घोळ असेल."

"मग तुझं चालतंय का?"

"माझंही बंद आहे," मी म्हणाले.

सव्वाअकराला भाचीनं काळजीनं मोबाइलवर फोन केला. वहिनी तिच्याशी दोन मिनिटं बोलली. सगळं बरं आहे, इंटरनेट बंद आहे, जेवत जा, असं काहीबाही. फोन ठेवून ती दुपटी घडी करायला लागली. ती घडी केलेलीच होती. "चेहरा बघायचा होता," ती म्हणाली, "मागच्या वेळी सुजलेला वाटला मला."

मी घरी आले. दार लावून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. आता त्या डब्यावर जगातलं दुसरं कोणी नव्हतं. दादा नव्हता, तिसरा कोणी असला तर तोही नव्हता. मी नेहमीची फाइल पाठवली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. एकेचाळीस मिनिटं लागली.

त्या एकेचाळीस मिनिटांत मी बरंच काही मनाला पटवून पाहिलं. काहीच पटेना. कमी देण्याचं सेटिंग डब्यात सापडलं नव्हतं आणि दादाला बाहेर काढूनही वेग तोच होता, म्हणजे दादानं काही केलं नव्हतं. मी जेवलेच नाही. तीन वाजता शेजारी गेले, दोघांच्या समोर उभी राहिले आणि सांगितलं, की काल मी तुमच्या घरात शिरून पासवर्ड बदलला आणि आज सकाळी खोटं बोलले.

दादानं विचारलं, "का पण?"

"मला वाटलं तू माझं इंटरनेट मुद्दाम कमी करतोयस. काम होईनासं झालं की मी फ्लॅट सोडीन, म्हणून."

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मात्र या वेळी मान वर केली. "सांगून टाका तिला," ती म्हणाली.

मग दादानं सांगितलं. मी मुंबईला गेले होते त्या दिवशी त्यानं एका एजंटला माझा फ्लॅट दाखवला होता. त्याच्याकडच्या किल्लीनं. गिऱ्हाईक सोबत होतं, त्यांनी खोल्या पाहिल्या, बाल्कनी पाहिली, आईच्या खोलीत जाऊन भिंतीची ओल पाहिली. "नुसता अंदाज घेत होतो," दादा म्हणाला. "तुझ्या सहीशिवाय काही होणारच नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून," तो म्हणाला.

मी ज्याबद्दल त्याच्यावर डूख धरला होता ते त्यानं केलं नव्हतं, आणि जे केलं होतं ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं. मला त्याची माफीही मागायची होती आणि त्याला जाबही विचारायचा होता. दोन्ही एका वेळी करता येईना. मी कागदावर नवा पासवर्ड लिहून टेबलावर ठेवला. वहिनीनं तो कागद उचलला आणि भाचीला पुन्हा फोन लावला. तिकडे तोवर रात्र होत आली होती, तरी ती उठून कॅमेऱ्यासमोर आली. चेहरा सुजलेला नव्हता. मी ते दारातूनच पाहिलं.

सोमवारी दादानं इंटरनेटवाल्यांना बोलावलं. हे गृहस्थ वटारहून स्कूटरवर यायचे, पन्नाशीचे, आधी टीव्ही दुरुस्त करणारे. कामाच्या मधे त्यांना घरून फोन आला की ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलायचे, आणि ती मला अर्धीच कळायची. मधे महिन्याचे पैसे न्यायला आले होते तेव्हा मी त्या अर्ध्या न कळलेल्या बोलण्याचाही संशय घेतला होता. बहुधा केळीच्या बागेच्या पाण्याबद्दल बोलत असावेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, वायरनं पळतो ना? मग लाइन चांगली आहे, डबाही चांगला आहे. आता दोन्ही लॅपटॉपांची घरं बदला."

आम्ही दादाचा लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला. चार कांड्या. फाइल पाच मिनिटांत गेली. मग माझा लॅपटॉप दादाच्या हॉलमध्ये, डब्यापासून हातभर अंतरावर ठेवला. दोन कांड्या. इतकं साधं होतं ते. तीन आठवडे मी वह्या भरल्या आणि दोन जुळ्या लॅपटॉपांच्या जागा बदलून बघायचं मला सुचलं नाही. कारण मला लॅपटॉपचा संशयच नव्हता.

"आणि ते तिसरं नाव?" मी विचारलं.

"तुम्ही वायर जोडली होती तेव्हा वायफायही चालूच असणार. वायरचा नंबर वेगळा, वायफायचा वेगळा. एकाच लॅपटॉपच्या दोन ओळी दिसतात. तिसऱ्या तुम्हीच होता, ताई."

दादा हसला नाही, याबद्दल मी अजूनही त्याची आभारी आहे.

मग त्यांनी माझा लॅपटॉप पालथा केला, स्क्रू बघितले आणि विचारलं, "हा मधे कोणी उघडला होता का?"

तेव्हा मला बोलावं लागलं. साधारण महिन्याभरापूर्वी माझ्या हातून त्याच्यावर चहा सांडला होता. निम्मी बटणं चालेनात. मी तो स्टेशनजवळच्या एका दुकानात नेऊन नवा कीबोर्ड बसवून आणला, आणि दादाला सांगितलं नाही. लॅपटॉप देताना त्यानं एकच गोष्ट बजावली होती, की याच्याजवळ चहा नेऊ नकोस. त्याचं ते 'मी सांगितलं होतं' मला ऐकायचं नव्हतं. तो दुरुस्त होऊन आला त्याच दिवसांत दादानं फ्लॅटचा विषय काढला होता. दोन्ही गोष्टी एका आठवड्यातल्या. मी त्यातली एक धरून बसले आणि दुसरी लपवता लपवता स्वतःच विसरले.

त्यांनी कीबोर्ड उचलला. खाली वायफायचं नखाएवढं कार्ड होतं, आणि त्याच्यावर बसायला हव्या असलेल्या दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, बाजूला सुट्या पडल्या होत्या. "यांच्यानंच याला ऐकू येतं," ते म्हणाले. "कीबोर्ड बदलताना काढल्या, परत लावायच्या राहिल्या." त्यांनी अंगठ्यानं दोन्ही दाबून बसवल्या. टक, टक. झाकण लावलं. पाच कांड्या.

"चहा सांडलास?" दादानं विचारलं.

"हो."

"सांगायचंस तरी."

"तू ओरडला असतास."

त्यानं लॅपटॉप सरळ करून माझ्याकडे सरकवला. काल मी त्याच्यासमोर उभी होते तेव्हा त्यानं मला दिलेलं उत्तर आणि हे उत्तर यांत फारसा फरक नाही, हे त्यालाही जाणवलं असावं. वहिनी आत चहा करायला गेली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. फ्लॅट विकायचा नाही, मी इथेच राहणार, हे मी त्याला त्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं. त्यानं ऐकलं आणि एजंटला फोन करून तसं कळवलं, माझ्यासमोर, माझं नाव घेऊन. पण पुढे दोन-तीन महिने तो माझ्याशी मोजकंच बोलायचा, आणि मीही त्याच्या घरात जाताना आधी बेल वाजवून बाहेर थांबायचे, जे आम्ही कधीच केलं नव्हतं. वहिनीला ते फार लागायचं. ती म्हणायची, "दार उघडंच आहे, ये ना आत," आणि मी तरी थांबायचे.

भाचीला मुलगी झाली त्या दिवशी सकाळी सातला दादानं माझ्या दाराची बेल वाजवली. मी उघडलं तर तो पायजम्यावर, चष्मा कपाळावर, उभा. "फोटो पाठवलाय तिनं," तो म्हणाला. "मोठा आहे फार, माझ्याकडे उघडत नाहीये. तुझ्याकडे बघू या का?"

मी लॅपटॉप उघडला. तो माझ्या खुर्चीवर बसला, मी मागे उभी राहिले. फोटो वरून खाली असा हळूहळू उलगडत गेला. आधी पांढरी टोपी, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. तो पुढे वाकून बघत होता. खाली आईच्या साडीचं दुपटं दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनीला बोलाव," आणि मी बाल्कनीत जाऊन हाक मारली.